अर्ध्यावर थांबणारं शटर

मुलांनो,

परवा फोनवर तुम्ही मला तुमच्या गॅरेजचं दार दाखवलंत. दोघांनाही एकाच वेळी सांगायचं होतं, त्यामुळे आधी मला नुसता गलका ऐकू आला. मग हळूहळू कळलं की धाडकन आवाज झाला, कुत्रं भुंकायला लागलं, तुम्हाला वाटलं गाडीवर काहीतरी कोसळलं, आणि आता बटण दाबलं की दार वीतभर वर येतं आणि कण्हून थांबतं. मग तुम्ही फोन वर धरलात. दाराच्या डोक्यावर आडव्या दांड्यावर दोन जाड स्प्रिंगा होत्या आणि त्यांतल्या एकीच्या वेटोळ्यांत बोटभर फट पडली होती. तेवढ्यात तुमचा बाबा शिडी घेऊन आला. मला म्हणाला, "काही नाही गं आई, साधी स्प्रिंग आहे. मागवलीये. शनिवारी बसवून टाकतो. कशी बसवतात ते बघितलंय मी."

मी म्हटलं, "हात लावायचा नाही."

तो हसला आणि "बरं बरं" म्हणाला. त्याचं 'बरं बरं' मी तो चौथीत असल्यापासून ओळखते.

म्हणून हे लिहिते आहे. शनिवारच्या आत, जेवणाच्या टेबलावर, बाबासमोर मोठ्यानं वाचायचं. अडखळलात तरी चालेल. मधलं वऱ्हाडी बोलणं बाबाला म्हणायला सांगा. ते त्याला उत्तम येतं. पुण्याला शिकायला गेल्यावर चारचौघांत बोलायचं सोडलं, एवढंच.

ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे त्यांना सगळं मोताळा गाव 'सिस्टर' म्हणायचं. सरकारी दवाखान्यातून त्या परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आणि बाजाररस्त्यावरच्या आपल्या जागेत त्यांनी गाळ्यांची एक रांग बांधली. खाली दुकानं, वर त्या. मीही तेव्हा शाळेतून निवृत्त झाले होते. कडेचा गाळा मी इंग्रजीच्या शिकवणीसाठी घेतला, आणि अशा रीतीनं त्या माझ्या घरमालकीण झाल्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी मोजताना दिसते तशी. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायच्या, तेव्हाही पायात तेच बूट. विहाराच्या पायरीशी बसून त्या नाड्या सोडायच्या आणि परत येताना बांधायच्या, तोवर बरोबरच्या बायका त्यांच्यासाठी थांबलेल्या असत. "चप्पल घाला न सिस्टर," असं कुणी म्हटलं की म्हणायच्या, "चप्पल पळू देत नाई." आता त्यांना कुठे पळायचं होतं, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं होतं. त्यामुळे गावात कुणालाही त्या 'तू'च म्हणत. सरपंचाला, फौजदाराला, मिठाईवाल्याला. मला मात्र 'मॅडम, तुमी', कारण माझा जन्म बाहेरचा.

सकाळी दुकानं उघडायच्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही असा नियम होता. वरच्या गॅलरीत खुर्ची, हातात चहाचा पेला, डोळे मिटलेले. खाली एकेक शटर वर जायचं आणि त्या ऐकायच्या. सगळी वर गेली की डोळे उघडून निकाल सांगायच्या. "पानवाल्याचं चांगलं हाये. मिठाईवाल्याचं कोरडं पडलं, ग्रीस पाह्यजे. मधल्याले दम लागून राह्यला." जशा काही वॉर्डात फेरी मारून आल्या आहेत.

पहिल्या पहिल्यांदा मला याचं हसू यायचं. एकदा मी विचारलंच, शटराची एवढी काळजी कशाला. त्यांनी मलाच प्रश्न केला.

"मॅडम, तुमचं शटर रोज कोन उचलते?"

"मीच."

"तुमी नाई उचलत. वरच्या पाइपात स्प्रिंगा हायेत, त्या उचलतात. तुमी फक्त त्याइले सांगता, चला उठा." मग चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, "न तुमी शटर पाडून घरी जाता, तवा त्याइले आराम नसते बरं. शटर खाली आलं का स्प्रिंग पिळल्या जाते. दुकान झोपलं का स्प्रिंग जागी."

हे नीट लक्षात ठेवा. तुमचं दार आणि आमचं शटर दिसायला वेगळं आहे, पण आतला हिशेब एकच. दार जेव्हा बंद आणि शांत दिसतं, तेव्हाच स्प्रिंग सगळ्यात जास्त पिळलेली असते. त्या वेळी कुणी पाना लावून तिचा स्क्रू सैल केला, तर तो सगळा पीळ एका क्षणात मोकळा होतो, आणि समोर लोखंड आहे की माणसाचं तोंड हे तो बघत नाही.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "शटर पडत नाई, पाडल्या जाते." इंग्रजी व्याकरणात आयुष्य घालवल्यामुळे मला ते फार आवडायचं. कर्मणी प्रयोग किती चपखल! मी म्हणायचे, पण सिस्टर, यात कर्ता कुठे आहे? त्या म्हणायच्या, "कर्ता दवाखान्यात हाये."

दवाखान्यात त्यांनी काय काय पाहिलं होतं ते त्या सांगत नसत. एकदाच, मी फार खोदल्यावर, म्हणाल्या, "हात पाह्यले म्या, मॅडम. शटराखालून काढलेले. मानसाचं तोंड आठोत नाई, हात आठोते." आणि लगेच विषय बदलून माझ्या पंख्याच्या आवाजात दोष काढायला लागल्या.

त्या नेहमी बरोबर असत असं मुळीच नाही. एकदा त्यांनी माझ्याच शटराचा निकाल लावला. घरघर येते, स्प्रिंग गेली, आजपासून वर्ग बंद. खामगावहून शटरचा मिस्त्री बोलावला. त्यानं बाजूच्या पट्टीतून, जिच्यातून शटर सरकतं त्या खाचेतून, कुणातरी मुलीची केसांची क्लिप काढून दाखवली. घरघर गेली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत. "क्लिप निघाली म्हनून स्प्रिंग चांगली, असं कोन म्हनते?" एवढं म्हणून बूट वाजवत जिना चढून गेल्या. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या सगळ्या मुलींच्या वेण्या तपासल्या गेल्या.

आता अर्ध्या शटराची गोष्ट.

आमच्याकडे बाजारातून मयत निघाली की दोन्ही बाजूचे दुकानदार शटर अर्ध्यावर ओढतात आणि बाहेर हात जोडून उभे राहतात. मयत पुढे गेली की शटर पुन्हा वर. ही रीत तुमच्या बाबानंही पाहिली आहे. मयतीच्या वेळी सिस्टर गॅलरीत उभ्या राहायच्या. हात जोडलेले, मान झुकलेली. पण नजर तिरडीकडे नसायची. ती शटरांवर असायची.

कारण चांगली स्प्रिंग असेल तर शटर अर्ध्यावर आणून हात सोडला की ते तिथंच थांबतं. वर पळत नाही, खाली घसरत नाही. स्प्रिंग थकली असेल तर शटर खाली यायला लागतं. सिस्टरना शटर तपासायची याहून चांगली संधी मिळत नसे, कारण एरवी कुठला दुकानदार गिऱ्हाइकाच्या वेळी शटर अर्ध्यावर आणून दाखवणार? "सिस्टर मयतीले येत नाई, शटराले येते," असं लोक म्हणायचे. त्यांच्या कानावर गेलं होतं. त्या म्हणाल्या, "जो गेला त्याले आता काई होत नाई. जे उभे हायेत ते पाहून राह्यली मी."

मधला गाळा रेडिमेड कपड्यांच्या दुकानाचा होता. दुकानदाराला सगळे 'भाऊ' म्हणत. गोरा, गोल, गोडबोल्या माणूस. माझ्या वर्गाची आणि त्याच्या दुकानाची भिंत एक. एका दुपारी गावातल्या एका वजनदार माणसाची मयत निघाली आणि भाऊनं शटर अर्ध्यावर ओढलं. ते थांबेना. हळूहळू, अगदी सभ्यपणे, खाली येऊ लागलं. आता पुरतं बंद झालं तर पुन्हा उघडायला दोन माणसं लागणार, आणि आत गिऱ्हाईक. भाऊनं दोन्ही हात शटराच्या खालच्या पट्टीला लावले, डोकं छातीत खुपसलं आणि सगळी मयत जाईपर्यंत तसाच थरथरत उभा राहिला. घामानं सदरा भिजला.

दुसऱ्या दिवशी त्या घरचे लोक मुद्दाम आभार मानायला आले. "सगळ्यानं हात जोडले, पन भाऊ, तुमी तं डोकं वर केलं नाई. लय मान देला तुमी आमच्या बाबाले."

भाऊ नम्रपणे हसत होता. वरून सिस्टरचा आवाज आला.

"मान देला नाई त्यानं. मान वाचोली."

आलेल्या लोकांना काही कळलं नाही. भाऊला कळलं. मुलांनो, मराठीत 'मान' म्हणजे गळ्यामागची मान आणि 'मान' म्हणजे आदरही. बाबाला विचारा, तो दोन्ही नीट समजावून सांगेल; दोन्हींशी त्याचा या शनिवारी संबंध आहे.

तिथून सिस्टरनी भाऊच्या मागे लागायचं ठरवलं. स्प्रिंग बदल. भाऊ म्हणायचा, लगीनसराई आहे, दिवसभर दुकान बंद ठेवू कसं? त्यानं शटराला एक लाकडी बल्ली टेकू म्हणून लावायला सुरुवात केली. "कुबडी देली तू त्याले," सिस्टर म्हणाल्या. "कुबडी घेतल्यानं पाय बरा होते का?" मग भाऊनं शटरवर लिंबू-मिरची बांधली, कारण त्याच्या बायकोच्या मते शटर जड झालं ते नजर लागल्यामुळे. सिस्टरनी खाली येऊन लिंबाकडे निरखून पाहिलं. "अबे, जड झालं म्हनतं न त्याच्यावर अजून वजन लटकोतं?"

बोलून काही होत नाही हे पाहिल्यावर त्यांनी खुर्ची हलवली. गॅलरीतली खुर्ची एका सकाळी भाऊच्या दुकानाच्या पायरीसमोर आली. शेजारी छोटं टेबल, टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र. जी बाई दुकानात शिरायला येईल तिला सिस्टर म्हणायच्या, "बस. आधी प्रेशर पाहू." पट्टा बांधायच्या, फुगवायच्या, घड्याळाकडे पाहायच्या, मग हळूच सांगायच्या, "तुहं चांगलं हाये. पन या शटराचं वाढेल हाये. आत जाशीन तं याच्या खालून जा लागन. पाह्य बाई, तुही मर्जी."

बाया आत जात नसत. उलट प्रेशर मोजून घ्यायला मोताळ्याच्या चारही बाजूंनी माणसं यायला लागली. आठवडी बाजाराच्या दिवशी तर रांग माझ्या वर्गापर्यंत आली. भाऊ आतून हात जोडायचा, "सिस्टर, माह्या पोटावर पाय नका देऊ." सिस्टर न वळता म्हणायच्या, "पोटावर नाई बे, मानेवर हात देऊन राह्यली तुह्या. पोट मंग पाहू."

शेवटी भाऊनं कबूल केलं. लगीनसराई संपली की पहिलं काम स्प्रिंगचं. सगळ्यांसमोर बोलला. सिस्टरनी यंत्र मिटलं आणि खुर्ची वर नेली, पण त्यांच्या तोंडावर समाधान नव्हतं. मला म्हणाल्या, "यानं मले तारीख देली, मॅडम. स्प्रिंगनं कुठी देली?"

स्प्रिंगनं दिली नव्हतीच. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी, भरदुपारी, सगळी शटरं बंद असताना भाऊच्या गाळ्यातून धाडकन आवाज आला. कुणाला वाटलं ट्रकचं टायर फुटलं, कुणाला वाटलं सिलिंडर. लोक गोळा झाले, बाहेरून काहीच दिसेना, लोक पांगले. सिस्टर मात्र शटरासमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी भाऊला निरोप धाडला: उद्या शटराले हात लावजो नोको, मी मिस्त्रीले बोलावते.

भाऊनं निरोप ऐकला आणि 'बरं बरं' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्ग उघडायला आले तर मधल्या गाळ्यासमोर गर्दी. चौकात वऱ्हाडाच्या गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या. त्या दिवशी गावातल्या एका मुलाचं सोनाळ्याला लग्न होतं. त्याचा कोट बाह्या कमी करायला भाऊकडे दिलेला, आणि कोट आत. खुद्द नवरदेव हळदीच्या अंगानं, साध्या सदऱ्यात तिथे उभा होता. त्याचे वडील भाऊवर ओरडत होते आणि भाऊ सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होता की काही नाही, पाच मिनिटांचं काम आहे.

बेत असा होता. दोघांनी पहार घालून शटर उचलायचं, दोघांनी हातांनी धरायचं, खाली बल्ली लावायची, आणि कुणीतरी त्या फटीतून आत सरपटायचं. कोण सरपटणार यावर बोलणं चाललं होतं. भाऊच्या पोटामुळे तो बाद होता. नवरदेव म्हणाला, "मीच जातो ना. मी बारीक हावो. मले काय होते?"

तो खाली बसलाच होता, इतक्यात गर्दी बाजूला झाली. सिस्टर आल्या. खुर्ची आणली नव्हती. सरळ शटराला पाठ लावून त्या जमिनीवर बसल्या, साडी नीट केली, पाय समोर लांब केले. कॅनव्हासचे बूट नवरदेवाच्या गुडघ्यांना टेकले.

"हं. उचला आता."

पहार धरलेल्या दोघांनी ती जमिनीवर टेकवली.

नवरदेवाचे वडील गयावया करत म्हणाले, "सिस्टर, मुहूर्त जाऊन राह्यला. पोरीकडचे वाट पाहून राह्यले. कोट नसला तं पोराचा मान काय राह्यला तिथं?"

"कोट कुठी चढते रे?" सिस्टर म्हणाल्या. "मानेखालीच न? मंग मान ठेव आधी." मग त्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. आवाज खाली आला. "तू झाला तवा सर्वात पहिले तुही मान धरली या हातानं. लटलट करे. तुह्या मायनं तुले पाह्यलंही नोतं अजून. ते काय अशी शटराखाली देयासाठी धरली होती का म्या?"

पोरगा मान खाली घालून उभा राहिला. पण गाड्यांची इंजिनं चालूच होती आणि कोट आतच होता. सिस्टरच्या बोलण्यानं शटर काही उघडणार नव्हतं. भाऊ रडकुंडीला आला. "मंग काय करू सिस्टर? तुमीच सांगा. मिस्त्री दुपारपर्यंत येईन. लगन सकाळचं हाये."

सिस्टरनी डोळे मिटले, सकाळी चहा घेताना मिटायच्या तसे. मग उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, चाबी द्या वर्गाची."

मी दिली. त्या उठल्या, माझं शटर उघडायला लावलं, आत आल्या, खडूच्या डब्यातून खडू घेतला आणि भाऊच्या दुकानाकडच्या भिंतीवर, म्हणजे माझ्या फळ्यावर, एक चौकोन काढला. माझा फळा भिंतीवरच काळ्या रंगानं रंगवलेला होता. त्यावर आदल्या वर्गातली कर्मणी प्रयोगाची वाक्यं माझ्या अक्षरात होती.

"चार इंची भिंत हाये," त्या म्हणाल्या. "माही हाये. फोडा."

भाऊ म्हणाला, "सिस्टर, भिंत?"

"मंग काय मान फोडू? शटर उचलाले पहार आनली होती न? आन ते इकडे."

"सिस्टर, माझा फळा," एवढंच मी म्हणाले.

"फळा पुन्हा रंगवता येते, मॅडम. भिंत पुन्हा बांधता येते." मग माझ्या तोंडाकडे पाहून, "वाक्यं तुमाले पाठ असतीन."

पहार पहिली कुणी मारावी यावर क्षणभर सगळे थबकले. मग नवरदेवानंच ती घेतली. हळदीच्या हातांनी. पहिल्या घावात पोपडे पडले, दुसऱ्यात वीट हलली, आणि मग तो थांबेचना. चौकोनातली सगळी वाक्यं खाली आली. वर्गभर लाल धूळ. भोक माणूस वाकून जाण्याइतकं झालं तसा भाऊ पोट आत घेऊन त्यातून सरकला. सिस्टर भोकाशी वाकून ओरडत होत्या, "शटराच्या बाजूनं जाऊ नोको! मांगून जाय! दिवा लाव पहिले!" आतून दिव्याचा खटका वाजला, खोकल्याचा आवाज आला, आणि मग भोकातून एक हँगर बाहेर आला. त्यावर कोट, वर पारदर्शक पिशवी. त्याच्यामागे, भाऊनं सुचेल तसं, वडिलांसाठी एक नवा फेटाही दिला.

वऱ्हाड वेळेत पोचलं. त्या लग्नाचे फोटो मी पाहिले आहेत. नवरदेवाच्या केसांत लाल धूळ दिसते. लोकांना तो गुलाल वाटतो.

दुपारी खामगावचा मिस्त्री आला. त्यानं पाइप उतरवला तेव्हा आम्हाला सगळ्यांना त्यानं रस्त्याच्या पलीकडे उभं केलं, सिस्टरनाही, आणि त्या निमूट जाऊन उभ्या राहिल्या. ज्याचं काम त्यानं करायचं, बाकीच्यांनी लांब राहायचं, याबाबत स्वतःसाठीही त्यांचा नियम वेगळा नव्हता. स्प्रिंग मधोमध तुटली होती आणि तुटलेल्या तोंडाशी गंज होता. दुसऱ्या स्प्रिंगा वरून बऱ्या दिसत होत्या. भाऊ म्हणाला, एवढी एकच बदला. सिस्टर रस्त्यापलीकडून ओरडल्या, "एक गेली न? बाकीच्याही तिच्याच वयाच्या हायेत. सर्व बदलव!" भाऊनं त्या दिवशी वाद घातला नाही.

भिंत त्यांनी पुन्हा बांधली नाही. भोकाच्या कडा सारख्या करून लाकडी चौकट बसवली. माझा फळा समोरच्या भिंतीवर गेला. त्या खिडकीतून भाऊ मला चहा द्यायचा, अजूनही देतो, आणि वर्गात कायम नव्या कापडाचा वास असतो. कुणी विचारलं की ही खिडकी कशाची, तर सिस्टर सांगायच्या, "नवरदेवानं पाडली." कर्ता सांगून टाकायच्या, मला खूश करायला.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. त्यांच्या गॅलरीतल्या खुर्चीतच, सकाळची सगळी शटरं वर गेल्यानंतर. त्यांची मयत बाजाररस्त्यावरून निघाली. पांढऱ्या कपड्यातली माणसं पुढे, मागे जवळजवळ सगळं गाव. मी माझ्या गाळ्यासमोर हात जोडून उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की मी तिरडीकडे पाहत नाही. मी शटरं पाहत होते. पानवाल्याचं अर्ध्यावर आलं, थांबलं. मिठाईवाल्याचं थांबलं. भाऊनं आपलं शटर अर्ध्यावर ओढलं, क्षणभर पट्टी धरून ठेवली, मग एक हात सोडला, मग दुसरा. आणि दोन्ही हात जोडून, मान वर करून उभा राहिला. शटर तसूभरही हललं नाही.

आता बाबासाठी.

दाराचं बटण दाबायचं नाही. मोटर ते ओढून नेईल असं वाटतं, पण वजन स्प्रिंग उचलत होती, मोटर नव्हे. दार हातानं उचलायचं नाही, दोघांनी मिळूनही नाही. दाराखालून कुत्र्यालासुद्धा जाऊ द्यायचं नाही. स्प्रिंगच्या कुठल्याही स्क्रूला पाना लावायचा नाही. जी तुटली तिलाही नाही, आणि जी तुटलेली नाही तिला तर मुळीच नाही, कारण ती अजून पिळलेली आहे. हे काम करणाऱ्या माणसाला बोलवायचं आणि दोन्ही बदलून घ्यायच्या. तो जायच्या आधी त्यालाच दार अर्ध्यावर आणून हात सोडून दाखवायला सांगायचं, आणि ते थांबतं का हे तुम्ही लांबून पाहून मला कळवायचं. गाडी आत अडकली आहे हे मला माहीत आहे. अडकू दे. फारच अडलं तर भिंत फोडा. भिंत पुन्हा बांधता येते.

बाबा हे ऐकून पुन्हा 'बरं बरं' म्हणेल. म्हणून शनिवारी सकाळी तो शिडी काढायच्या आत तुम्ही दोघांनी एक काम करायचं. मला व्हिडिओ कॉल लावायचा. गॅरेजच्या आत, दारापासून चार हात लांब एक खुर्ची ठेवायची. खुर्चीवर फोन उभा ठेवायचा, तोंड शिडीकडे. चार्जर लावून ठेवायचा.

मी बसते. मिस्त्री येईपर्यंत उठणार नाही.